बाळ ३० आठवड्यांचं, सुट्टी देताना "किडनी कच्ची आहे" म्हणाले, आता पुढं काय काय पाहायचं?

खारपाणपट्टा_शेतकरी

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. पहिलंच लेकरू, मुलगी आहे. बायकोचं बीपी सातव्या महिन्यात एकदम वाढलं, पायावर सूज, डोकं सारखं दुखे, डोळ्यापुढं काजवे, जिल्ह्याच्या गावी नेलं तं डॉक्टर म्हणे थांबता येत नाही, आई अन् बाळ दोघंही धोक्यात आहेत, मग त्याच रात्री सिझर झालं. बाळ ३० आठवड्यांचं, वजन ११५० ग्रॅम. लगेच पेटीत ठेवलं, नाकाले नळी, पायाले सलाईन, सगळं झालं. मधात इन्फेक्शन निघालं मनून अमिकासिनचे इंजेक्शन चालू केले अन् त्याच दिवसांत लघवी कमी झाली. रक्तातलं क्रिएटिनिन (ते वाढलं म्हंजे किडनी कमी काम करते) ०.९ होतं ते १.७ वर गेलं, अंगावर थोडी सूज आली. मग हळूहळू लघवी सुटली, सुट्टी झाली तेव्हा ०.५ होतं. आता घरी आहे, वजन दोन किलोच्या वर गेलं, आईचं दूध ओढते, रडते बी जोरात.

कार्डावर "एकेआय, बरा झाला" असं लिहून आहे, म्हंजे किडनीले अचानक मार बसला होता म्हणे. सुट्टीच्या दिवशी डॉक्टरले विचारलं तं ते म्हणे किडनी कच्ची असते अशा बाळांची, लक्ष ठेवा. पण लक्ष ठेवा म्हंजे नेमकं काय ठेवा हे विचाराले गेलो तं तिकडं दुसरं बाळ सिरियस झालं अन् ते राहूनच गेलं.

मले समजून घ्यायचं आहे का ही कच्ची किडनी पुढं आपोआप पिकते का? का जन्मभर तसंच राहीन? आमच्या पट्ट्यात पाणी खारं, गावात डायलिसिसवर असलेले लोक आहेत, आठवड्यातून दोनदा अकोल्याले जातात, ते पाहून पोटात गोळा येते. आई म्हणते घुटी चालू करू, ताकद येईन. कोणाले अनुभव असन, माहिती असन तं सांगा, रात्री झोप नाही.


परतवाड्याची_आई

दादा आधी थोडं पाणी प्या अन् शांत व्हा. माझा मुलगा ३१ आठवड्यांचा, वजन तुमच्या मुलीपेक्षा थोडंसंच जास्त होतं. आज अंगणवाडीत जातो, दिवसभर अंगणात धिंगाणा. लोक आम्हाले म्हणत होते सातव्याचं जगते, आठव्याचं जगत नाही, असलं काहीबाही. काही खरं नाही त्यात, जितके दिवस पोटात जास्त तितकं लेकरू मजबूत, साधी गोष्ट आहे.

आमच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट ठासून सांगतली होती का कोणत्याही दवाखान्यात गेलं तं पहिलं वाक्य "हा किती आठवड्यांचा जन्मलेला आहे" हे सांगायचं. मी सांगते. ताप आला का मेडिकलवाला लगेच ते लाल-केशरी मिक्स सिरप काढतो, त्यात पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असते, अन् ते आमच्या डॉक्टरांनी बंद सांगतलं आहे. मी बाटलीवरचं वाचूनच घेते, वाचता येत नसन तं मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचते, अक्षर लय बारीक असते त्यावर. साधं पॅरासिटामॉल, तेही वजनावर मोजून.

अन् कांगारू धरा बाळाले, तुम्ही सुद्धा. शर्ट काढून छातीशी, वरून वहिनीची जुनी ओढणी बांधायची. बापानं धरलेलं बी चालते. बाळाची ऊब टिकते, दूध ओढते, वजन चढते. आमच्या घरी सासरे पहिले लाजत होते पोराले असं पाहून, मग तेच म्हणू लागले दे इकडं, मी धरतो.


नागपूर_रिटर्न

भाऊ, रिस्क घेऊ नका. माझ्या साडभावाच्या पोराचं असंच झालं होतं. त्यानं दर महिन्याले किडनी प्रोफाईल, लघवी कल्चर अन् सोनोग्राफी चालू ठेवली, नागपुरात किडनीच्या मोठ्या डॉक्टरकडे. पैसा लागते पण लेकराच्या जिवापेक्षा पैसा मोठा नाही. सोबत एक वैद्य पुनर्नव्याचा काढा देत होते, त्यानं पोराची किडनी पूर्ण बरी झाली. नंबर पाहिजे तं मेसेज करा. घरी बसून वाट पाहू नका बाप्पा, किडनीची गोष्ट आहे.


बालरोग_वर्धा

मी वर्धा जिल्ह्यात मुलांची डॉक्टर आहे, कमी दिवसांची बाळं रोजच पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या, पण हा विषय सुट्टीच्या गडबडीत कोणी नीट सांगत नाही आणि आई-बाप घरी जाऊन जिवाला घोर लावून घेतात.

"कच्ची किडनी" म्हणताना डॉक्टरांच्या मनात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे किडनीचं काम कच्चं असणं. ते खरंच पिकतं. पूर्ण दिवसांच्या बाळाची किडनीसुद्धा जन्मताना मोठ्या माणसाच्या मानानं खूप कमी रक्त गाळते, दोन आठवड्यांत ते काम जवळपास दुप्पट होतं आणि साधारण दोन वर्षांचं होईस्तोवर मोठ्या माणसाच्या पातळीला पोचतं. कमी दिवसांच्या बाळाला याला जास्त वेळ लागतो एवढंच. सुरुवातीला ही बाळं लघवीतून मीठ घालवतात, लघवी घट्ट करता येत नाही त्यांना, म्हणून पेटीत असताना रोज सोडियम बघतात, पाणी मिलीलिटरमध्ये मोजतात. क्रिएटिनिनचंही तसंच, पहिल्या एक-दोन दिवसांत जे येतं ते मुळात आईच्या रक्तातलं असतं. अशा बाळांत ते आधी थोडं वर जातं आणि मग आठवडे घेत खाली येतं. तुमच्या मुलीचं ०.९ चं १.७ झालं, लघवी कमी झाली, म्हणजे तो नुसता कच्चेपणा नव्हता, किडनीला मार बसला होता. पण ०.५ वर आलं, लघवी होते, वजन वाढतंय, म्हणजे त्यातून ती बाहेर आली. ही खरोखर चांगली बातमी आहे, तेवढी तरी मनापासून घ्या.

दुसरी गोष्ट मात्र पिकत नाही, आणि तीच कोणी सांगत नाही. किडनीत रक्त गाळायचे बारीक बारीक फिल्टर असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख. सरासरी म्हणते कारण माणसामाणसांत यात फार फरक असतो, कोणाला दोन-अडीच लाख तर कोणाला वीस लाखांच्या वर, असं मृत्यूनंतर किडन्या तपासून मोजलेलं आहे. हे फिल्टर पोटातच बनतात. नवव्या आठवड्याच्या आसपास बनायला लागतात आणि ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत काम चालतं, त्यातले जवळपास ६० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत बनतात. तुमची मुलगी ३० ला बाहेर आली, म्हणजे ऐन हंगामात. बाहेर आल्यावर काम लगेच थांबत नाही, अगदी लहान बाळांत जन्मानंतर साधारण ४० दिवसांपर्यंत नवे फिल्टर बनताना दिसले आहेत, पण पोटातल्यासारखे नाही, काही वेडेवाकडे बनतात, आणि नेमके त्याच दिवसांत इन्फेक्शन, ऑक्सिजन कमी-जास्त, औषधं, सगळं अंगावर येतं. त्यानंतर जन्मात नवा नेफ्रॉन बनत नाही. त्वचा भरते, हाड जुळतं, यकृत वाढतं, नेफ्रॉन मात्र जेवढे मिळाले तेवढ्यावरच आयुष्य काढायचं असतं. किडनी नंतर वाढते ती आहेत ते फिल्टर मोठे होऊन, नवे येऊन नाही.

शिवाय वहिनींचं बीपी वाढलेलं होतं, अशा वेळी वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, बाळ पोटातच बारीक राहू शकतं, आणि बारीक राहिलेल्या बाळांतही फिल्टर कमी बनतात.

मग काय होतं? चार बैलांचं काम दोघांवर पडलं तर वावर वखरून होतंच, पण ते दोन बैल लवकर थकतात. राहिलेले फिल्टर जास्त जोरानं काम करतात, लहानपणी काही कळत नाही, रिपोर्ट नॉर्मल येतात, मूल खेळतं-बागडतं. पण वर्षानुवर्षं तो ताण राहिला की बीपी वाढायला लागतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं. ही कल्पना ब्रेनर नावाच्या किडनीतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली होती, आणि नंतर बरेच पुरावे त्या बाजूनं आले. स्वीडनमध्ये १९७३ ते २०१४ मध्ये जन्मलेल्या चाळीस लाखांहून जास्त लोकांची नोंद तपासली, तो अभ्यास २०१९ साली छापून आला. त्यात कमी दिवसांच्या बाळांना पुढे किडनीचा दीर्घकाळ चालणारा आजार होण्याचा धोका साधारण दुप्पट निघाला, २८ आठवड्यांच्या आतल्यांना तिप्पट. दुप्पट ऐकून घाबरू नका, सगळे मिळून त्या अभ्यासात असा आजार नोंदला गेला तो हजारात एकाच्या आसपास. त्याच्या दुप्पट म्हणजेही फारच थोडे. तुमच्या मुलीसारखी बहुतेक मुलं मोठी होतात, संसार करतात, किडनीचं नाव निघत नाही. फक्त तिचं बीपी मोजलं गेलं पाहिजे. एवढंच माझं मुख्य सांगणं आहे आणि तेच आपल्याकडं होत नाही.

लहान मुलांचं बीपी मोजतात हेच लोकांना माहीत नाही. साधारण मुलांचं तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा मोजावं असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१७ चं मार्गदर्शन आहे, पण ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांचं तीन वर्षांची वाट न पाहता प्रत्येक भेटीत. दर भेटीत तुम्ही स्वतः तोंड उघडून म्हणायचं, "डॉक्टर, हिचं बीपी पाहा." मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळून चालत नाही, बाळाच्या दंडाला मोठा पट्टा लावला तर बीपी खोटं कमी येतं आणि फारच अरुंद लावला तर खोटं जास्त. पट्ट्याच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. गावच्या आरोग्य केंद्रात एवढा लहान पट्टा नसला तर जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या बालरोग ओपीडीत मिळेल. बाळ झोपलेलं किंवा दूध पिऊन शांत असताना, उजव्या दंडावर. रडत असताना आलेला आकडा कामाचा नाही.

अमिकासिनबद्दल एक. ते औषध किडनीला जड आहे हे खरं, पण या वजनाच्या बाळात रक्तातलं इन्फेक्शन काही तासांत जीव घेतं. ते दिलं म्हणूनच तुम्ही आज हा प्रश्न विचारताय. डॉक्टरांवर राग धरू नका. पुढं मात्र ज्या औषधांशिवाय भागतं ती टाळायची. परतवाड्याच्या ताईंनी आयबुप्रोफेनचं सांगितलं ते एकदम बरोबर आहे. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना २०११ पासूनच बंद आहे, तरी कुठं कुठं अजून काढून देतात. आणि खोकल्याचं सिरप दोन वर्षांच्या आत अजिबात नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारी छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या सिरपमुळं किडनी बंद पडून गेली, कितीतरी नागपुरात भरती होती. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं होतं. ती मुलं धडधाकट होती, पूर्ण दिवसांची होती की नव्हती हा प्रश्नच नव्हता. लहान बाळाच्या साध्या सर्दी-खोकल्याला सिरपची गरजच नसते, नाकात सलाईनचे थेंब आणि दूध, बस.


खारपाणपट्टा_शेतकरी

मॅडम, तुमचे उपकार. दोनदा वाचलं, बायकोले बी वाचून दाखवलं. आजपर्यंत इतकं कोणी समजावलं नव्हतं.

आता आणखी विचारतो, राग मानू नका. खाऱ्या पाण्याचं काय? घरी बोअरचं पाणी, भांड्याले पांढरा थर बसते, चहाच्या पातेल्यात खरवड बसते तसा. प्यायले आम्ही आरओचे कॅन आणतो, पण कधी कॅनवाला येत नाही मंग तेच प्या लागते. अन् उन्हाळा डोक्यावर आहे, आमच्याकडं ४५ वर जाते, आई म्हणते लेकराच्या घशाले कोरड पडते, चमच्यानं थोडं पाणी पाजत जा. घुटीचं तं आईनं सामान काढून ठेवलं बी, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, खारीक, सगळं फडक्यात बांधून सहाणीजवळ ठेवलं आहे. तिले तोडून बोलता येत नाही, तिनं चार लेकरं अशीच वाढवली.

अन् नागपूरवाले भाऊ म्हणून राहिले ते दर महिन्याले रक्त तपासायचं का?


आशाताई_अकोट

मी आशा आहे, बारा-पंधरा वर्षांपासून काम करून राहिली. भाऊ, घुटीचं मी बोलते, कारण डॉक्टरनं सांगतलं तं सासूबाई ऐकत नाही, अन् माझं ऐकतात कारण मी त्यांच्याच गल्लीतली.

तुमच्या आईले वाईट वाटू देऊ नका. त्यांना म्हणा, माय, हे लेकरू चार किलोचं झालेलं नाही, याची आतडी अन् किडनी दोन्ही अजून कवळी आहेत. घुटीत काय किती गेलं याचं माप नसते, सहाणीवर घासताना कोणतं जास्त घासलं कोणतं कमी, वेखंड जरा जास्त झालं का लेकरू गुंगून पडते, दूध ओढत नाही. अन् ती सहाण कोणत्या पाण्यानं धुतली? तुम्हीच सांगता बोअरचं पाणी. मी अशा घरी गेली आहे जिथं घुटीनं जुलाब लागले अन् दोन दिवसांत लेकराचे डोळे खोल गेले, टाळू बसली. जुलाबानं पाणी कमी झालं का पहिला मार किडनीले बसते, हे आम्हाले ट्रेनिंगमध्ये सांगतात. एकदा मार खाल्लेल्या किडनीले दुसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नाही. आईले दुसरं काम द्या, मालिश करू द्या हलक्या हातानं, घरात, वारा न लागू देता. लेकरू कांगारूत धरू द्या त्यांच्या छातीशी. त्यांना बी वाटते ना का आपण नातीसाठी काही करावं, फक्त तोंडावाटे काही द्यायचं नाही.

पाणी सहा महिने नाही. उन्हाळ्यात बी नाही. आईच्या दुधात पाणीच जास्त असते, घशाले कोरड वाटली का छातीशी लावा, दर दीड-दोन तासाले. वहिनीनं पाणी प्यायचं, ताक प्यायचं, लेकरू तिच्यातून पिते. दुपारच्याले टिनाच्या खोलीत ठेवू नका, आतल्या कुडाच्या किंवा स्लॅबच्या खोलीत ठेवा, कूलरचा झोत सरळ अंगावर नको.

लघवी मोजायची सोपी रीत सांगते. डायपर दिवसा लावू नका, सुती लंगोट लावा. दाराजवळ दोरीवर वाळू घालता ना, ते मोजा. चोवीस तासात सहा-सात तरी ओले झाले पाहिजेत. एकदम तीन-चारवर आले, लघवी गडद पिवळी होऊन राहिली, लंगोटाले डाग पडून राहिला, लेकरू मलूल आहे, डोळ्याच्या पापण्या सुजल्या, तं सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ले फोन लावायचा. अन् एक वर्षापर्यंत आजारी बाळाले सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, जाणं-येणं मोफत आहे, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात, हे लक्षात ठेवा, कोणी पैसे मागतले तं विचारा.

तुमच्या गावची आशा येते का घरी? पेटीतून आलेल्या लेकराकडं तिनं यायलाच पाहिजे. ४२ दिवसांपर्यंत आमच्या घरभेटी असतात, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या अन् पंधराव्या महिन्याले परत. हे सगळं आपल्याच विदर्भातून निघालं बरं का, गडचिरोलीत बंग डॉक्टर नवरा-बायकोनं गावच्या बायांना शिकवून घरोघरी बाळं वाचवली, १९९९ मध्ये ते जगापुढं आलं, मग सगळ्या देशात २०११ पासून आशांकडं आलं. नसन येत तं तिले बोलवा, वजनकाटा घेऊन ये म्हणा. वजन किती वाढलं ते कार्डावर लिहून घ्या.

अन् डोळे तपासले का? महिन्याच्या आत डोळ्याचा पडदा पाहा लागते अशा लेकरांचा. कार्ड पाहून सांगा.


बालरोग_वर्धा

आशाताई, तुमच्यासारख्या बायांमुळं आमचं काम होतं. डोळ्याचं विचारलंत ते फार बरं केलंत, ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत एकदा पाहायलाच हवा. राहिला असेल तर उद्याच जा भाऊ, यात दिवस मोजून असतात.

दर महिन्याच्या रक्ताबद्दल. नागपूर_रिटर्न भाऊ, तुमची तळमळ कळते, पण माझं मत वेगळं आहे. दोन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून दीड-पावणेदोनशे मिली रक्त असतं. आधीच या बाळांना रक्त कमी असतं, पेटीत असताना सुया टोचून काढलेलं वेगळंच. दर महिन्याला तीन-चार नळ्या भरून काही हाती लागत नाही. एकेआय झालेलं असल्यामुळं एकदा, सुट्टीनंतर दोन-तीन महिन्यांनी, क्रिएटिनिन पाहावं, त्यासोबत एकदा किडनीची सोनोग्राफी, किडनीचा आकार वयाच्या मानानं कसा आहे आणि आत कुठं कॅल्शियम साचलंय का ते दिसतं. अंगातलं पाणी लघवीतून काढायची औषधं जास्त दिवस दिली असतील तर कॅल्शियम साचू शकतं, कार्डात फ्रुसेमाइड लिहिलंय का पाहा. सगळं ठीक असेल तर मग दर भेटीत बीपी आणि उंची-वजन, वर्षातून एकदा लघवीतलं प्रोटीन. लघवीची साधी पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. आकडे बिघडलेले दिसले तर किडनीच्या डॉक्टरकडं जायचं, नागपूरला जायचं, तेव्हा मागं हटायचं नाही.

काढ्याबद्दल स्पष्ट बोलते. तुमच्या साडभावाचं मूल बरं झालं याचा मला आनंदच आहे, पण एकेआय झालेली बरीच बाळं आपोआपच सावरतात, हीसुद्धा काही न देता सावरली ना. बाळाच्या पोटात काढा आणि भस्म घालू नका. कोणत्या भस्मात शिसं-पारा किती आहे हे बाटली पाहून कळत नाही, आणि तो बाहेर टाकायचं काम त्याच किडनीचं.

खारं पाणी. सहा महिने ती तुमचं पाणी पिणारच नाही, फक्त आईचं दूध, म्हणून आज तो प्रश्न नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या पाण्यात क्षार जास्त आहेत आणि तिथल्या लोकांना किडनीची धास्ती वाटते ती उगाच नाही. म्हणून वरचं सुरू कराल तेव्हा तिच्या वरणाला, पेजेला, प्यायला चांगलं पाणीच वापरा, नळयोजनेचं असो, आरओचं असो, उकळून. उकळून जंतू मरतात, खारटपणा जात नाही, हे लक्षात ठेवा. कॅनवाल्याचा भरवसा नाही म्हणता तर बाळापुरतं एक झाकणाचं भांडं वेगळं भरून ठेवा, तिला दिवसाला लागतंच किती. वर्षाच्या आत जेवणात मीठ घालू नका आणि गाईचं-म्हशीचं दूध पाजू नका, त्यात प्रोटीन आणि क्षार बाळाला झेपतील त्यापेक्षा जास्त असतात. बकरीचंही नाही. दूध कमी पडतंय असं वाटलं तर आधी मला इथं सांगा किंवा तुमच्या डॉक्टरला दाखवा, पाणी घालून पातळ दूध तर मुळीच देऊ नका.

आणखी एक, जे बहुतेक आजी-आजोबांना पटत नाही. बारीक जन्मली म्हणून पुढं तुपात बुडवून गुटगुटीत करायच्या मागं लागू नका. पहिल्या वर्षात वजन वाढायलाच हवं, पण पाच-सहा वर्षांची झाल्यावर बिस्किट, चिप्स, गोड यांनी जाड झाली तर कमी फिल्टरांवर जास्त अंगाचा भार पडतो. हडकुळी पण पळणारी मुलगी चालेल.

वय मोजताना तिच्या वयातून दहा आठवडे वजा करून पाहा, मान धरणं, पलटणं त्या हिशोबानं. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

आता मला तुम्हालाच विचारायचंय. एवढ्या चर्चेत वहिनींची तब्येत कशी आहे हे कोणी विचारलं नाही, मीही पहिल्या वेळी नाही. बाळंतपणात त्यांचं बीपी एवढं वाढलं होतं, ते आता किती आहे? सुट्टीनंतर कोणी मोजलं का? गोळी चालू आहे का?


खारपाणपट्टा_शेतकरी

मॅडम, कार्ड पाहिलं. डोळे तपासलेले आहेत, बरोबर आहेत, पंधरा दिवसांनी परत बोलावलं आहे. फ्रुसेमाइड दोनदा दिलेलं दिसते, फक्त सूज होती तेव्हा.

आईसोबत बोललो. आशाताईंचं वाचून दाखवलं. पहिले गप्प बसली, मग म्हणे मालिश माह्याकडं राहीन, ते मी कोणाले करू देणार नाही. घुटीचं फडकं तिनंच उचलून फडताळात ठेवलं.

बायकोचं बीपी सुट्टीनंतर मोजलंच नाही. दवाखान्यातून पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपल्या, मग आम्ही बाळाच्याच मागं. तिचं डोकं दुखते अधूनमधून, पण ती म्हणे जागरणानं दुखते. आज संध्याकाळी आमची आशा मशीन घेऊन आली, १५४/९८ निघालं. अर्ध्या तासानं परत पाहिलं तं १५०/९६. उद्या काय करू? दूध पाजून राहिली ती, गोळी चालू केली तं दूध बंद करा लागन का?


बालरोग_वर्धा

दूध बंद करायचं नाही. पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या आहेत, लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल, यातली कोणती आणि किती हे तुमचे डॉक्टर ठरवतील. उद्या सकाळीच उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिथं सिझर झालं तिथं घेऊन जा, बाळाला सोबत न्या म्हणजे पाजणं तुटणार नाही. जुन्या गोळ्यांची रिकामी पट्टी असेल तर ती बरोबर ठेवा, मनानं मेडिकलमधून तीच परत आणू नका. आज रात्री डोकं फार दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, छातीखाली उजवीकडं दुखलं, दम लागला किंवा आकडा १६०/११० वर गेला तर उद्यावर टाकू नका, रात्रीच १०८.

तिथं त्यांना सांगा की हिची लघवी प्रोटीनसाठी तपासा आणि क्रिएटिनिन बघा. बाळंतपणात असं बीपी वाढलेल्या बायांना पुढं बीपीचा आणि किडनीचा त्रास होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणजे तुमच्या घरात नेमानं बीपी मोजायच्या आता दोघी आहेत. तीन महिन्यांनंतरही कमी झालं नाही तर फिजिशियनकडं नीट तपासून घ्यायचं. आणि पुढचं मूल हवं असेल तेव्हा, दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना हे सगळं सांगायचं, तिसरा महिना भरायच्या सुमाराला कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात, उशिरा गेलं तर तिचा उपयोग कमी होतो.


परतवाड्याची_आई

दादा, वहिनीले एकटीले पाठवू नका, तुम्ही जा सोबत. बाळ छातीशी तुम्ही बांधून घ्या, म्हंजे लाईनीत उभं राहाले तिचे हात मोकळे राहतीन.


आशाताई_अकोट

अन् तिथं बाळाचं बीपी बी मोजून घ्या त्याच फेरीत. लहान पट्टा आहे का विचारा आधी.